बुद्योन्नीच्या फौजेची चंदी

एप्रिल १९२० च्या सुरुवातीला काकेशसच्या पायथ्याशी, मायकोप शहराच्या आसपास, सोळा हजारांच्या वर घोडेस्वार कूच करायच्या तयारीत होते. जायचे होते युक्रेनमधल्या उमानकडे, पोलंडच्या आघाडीवर. अंतर हजार किलोमीटरपेक्षा जास्त. वरून विचार होता फौज आगगाडीने न्यायचा. फौजेचा सेनापती सिम्योन बुद्योन्नी मात्र हट्टाने सांगत होता, घोडे चालतच जातील.

रशियन मालडब्याचे माप तेव्हा ठरलेले होते : एका डब्यात चाळीस माणसे किंवा आठ घोडे. नुसते स्वारीचे घोडे धरले तरी दोन हजार डबे झाले. तोफांचे घोडे, गाड्यांचे घोडे, दारूगोळा, वैरण यांचा हिशेब पुढचा. रूळ जागोजागी उखडलेले, पूल पडलेले, इंजिनांना कोळसा नाही. मी सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये पशुवैद्य म्हणून नोकरी केली. सहारनपूरच्या डेपोतून घोडे आणि खेचरे गाडीत चढवून पाठवणे हा माझ्या कामाचा भाग होता. चार दिवस डब्यात उभा राहिलेला घोडा खाली उतरतो तेव्हा त्याचे पाय सुजलेले असतात, पाणी नीट प्यायलेला नसतो, पोटशूळ कधी उठेल सांगता येत नाही. आणि एप्रिल-मे म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांवर कोवळा चारा फुटायचे दिवस. बुद्योन्नीने मॉस्कोला जाऊन आपले म्हणणे पटवून दिले. फौज मजल दरमजल करत निघाली, वाटेत बंडखोर टोळ्यांशी लढली आणि मे संपायच्या आत उमानच्या परिसरात पोचली. पोचताच लढू शकली, हे त्यातले सर्वांत महत्त्वाचे.

या फौजेचे नाव पहिली घोडदळ सेना. रशियन लोक तिला कोनार्मिया म्हणतात. सोव्हिएत काळात तिच्यावर गाणी झाली, चित्रे झाली, चित्रपट झाले. आयझॅक बाबेल या लेखकाने तिच्याबरोबर राहून लिहिलेल्या कथा जगभर वाचल्या गेल्या. या सगळ्यात तलवार चमकते, टोप्या दिसतात, सेनापतीच्या मिशा दिसतात. मला मात्र आयुष्यभराच्या सवयीने आधी घोड्याची पाठ दिसते, मग खूर आणि मग तोबरा. या फौजेच्या मोहिमा मी तशाच वाचत आलो आणि माझी खात्री झाली आहे, की तिचा विजय कुठे झाला आणि ती कुठे थकली, हे घोड्यांकडे पाहिल्यावरच नीट कळते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि वर्षभरात देश यादवीत सापडला. एका बाजूला त्यांची लाल सेना, दुसऱ्या बाजूला जुन्या राजवटीच्या सेनानींनी उभारलेल्या ‘पांढऱ्या’ फौजा. दक्षिणेत पांढऱ्यांचा सेनापती होता जनरल देनिकिन आणि त्याचे मोठे बळ होते डॉन आणि कुबान नद्यांच्या खोऱ्यांतले कोसॅक.

कोसॅक म्हणजे जन्मजात शिलेदार. झारच्या चाकरीला तो आपला घोडा, आपले जीन, आपली तलवार घेऊन यायचा आणि त्याबदल्यात त्याच्या समाजाला जमीन मिळायची. त्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांना जमिनीचा हक्क नव्हता असे उपरे शेतकरी होते. कोसॅकांची जमीन खंडाने करायची, त्यांच्या पागेत राबायचे, त्यांचे घोडे वळायचे. बुद्योन्नी यांच्यातला. १८८३ चा जन्म, डॉन प्रदेशातल्या प्लातोव्स्काया गावच्या हद्दीतला. १९०३ मध्ये तो झारच्या सैन्यात गेला. जपानविरुद्धच्या युद्धात होता. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या घोडदळ शाळेत त्याला घोडेस्वारीच्या शिक्षणासाठी पाठवले. पहिल्या महायुद्धात सेव्हर्स्की ड्रॅगून रेजिमेंटमध्ये लढून त्याने सेंट जॉर्ज पदके मिळवली. अधिकारी मात्र तो झाला नाही. शेतकऱ्याच्या पोराने तिथवर जायची पद्धत नव्हती.

१९१८ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या गावात मूठभर स्वारांची तुकडी उभी केली. त्या भागातला खरा नेता तेव्हा बोरिस दुमेन्को होता, तोही उपऱ्या शेतकऱ्यांतला. बुद्योन्नी त्याच्या हाताखाली गेला. त्सारित्सिनच्या लढायांत, म्हणजे पुढे ज्याचे नाव स्टालिनग्राड झाले त्या शहराभोवती, हे घोडदळ मोठे होत गेले. १९१९ च्या मे महिन्यात दुमेन्को गंभीर जखमी झाला आणि सूत्रे बुद्योन्नीकडे आली. कोसॅकांना त्यांच्याच मैदानात हरवायला निघालेले हे लोक लहानपणापासून कोसॅकांच्याच घोड्यांवर शिकलेले होते. आजारी घोडा कसा उभा राहतो, नाल कुठे बोचतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

वाचकांपैकी काहींना प्रश्न पडेल, १९१९ मध्ये घोडदळाचे काय काम? फ्रान्समध्ये चार वर्षे मशीनगन आणि काटेरी तारांनी घोड्याला हतबल केले होते. आपल्याकडे जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेतले, त्याची आठवण दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात उभी आहे आणि सहसा ती एका युगाची अखेर म्हणून सांगितली जाते. पण रशियाचा भूगोल निराळा होता. आघाडी हजारो किलोमीटरची आणि माणसे थोडी. सलग खंदक कुठेच नाहीत. दोन ठाण्यांमध्ये मैलोन्‌मैल मोकळे रान. अशा देशात जो लवकर पोचतो तो जिंकतो आणि रूळ सोडून चालायचे तर घोड्याइतके भरवशाचे दुसरे काही नव्हते.

हे आधी पांढऱ्यांनी दाखवून दिले. १९१९ च्या ऑगस्टमध्ये जनरल मामोंतोव्हचे कोसॅक दळ लाल आघाडी फोडून पिछाडीला घुसले. तांबोव, कोझलोव, व्होरोनेझ ही शहरे त्यांनी एकामागून एक लुटली, कोठारे जाळली, तारा तोडल्या. महिनाभर कोणाला आवरले नाहीत. तोवर बोल्शेविकांचा घोडदळावर विशेष विश्वास नव्हता. त्यांना ते जमीनदारांचे आणि कोसॅकांचे शस्त्र वाटे. आता युद्धमंत्री त्रोत्स्कीने कामगारांना घोड्यावर बसण्याची हाक दिली. कारखान्यातला माणूस महिन्याभरात घोडेस्वार होत नाही, हे कुठल्याही मोतद्दाराने सांगितले असते. पण बुद्योन्नीपाशी तयार माणसे होती. ऑक्टोबरमध्ये त्याच्या दळाने व्होरोनेझजवळ मामोंतोव्ह आणि पांढऱ्यांचाच दुसरा सेनानी श्कुरो या दोघांच्या घोडदळाला गाठले आणि २४ तारखेला शहर घेतले. नोव्हेंबरच्या मध्यावर कास्तोर्नोये हे रेल्वेचे जंक्शन पडले. देनिकिनची मॉस्कोकडची चाल तिथे मोडली. १७ नोव्हेंबर १९१९ रोजी या दळाचे रूपांतर पहिल्या घोडदळ सेनेत झाले. चौथी, सहावी आणि अकरावी या तीन डिव्हिजन. बुद्योन्नीसोबत राजकीय जबाबदारीवर व्होरोशिलोव्ह आणि श्चादेन्को. पाठीशी स्टालिन, आणि ही पाठराखण पुढे या फौजेच्या इतिहासलेखनालाही पुरून उरली.

लढायची रीत समजून घेण्यासारखी आहे. तलवार उपसून सरळ चौखूर धावणे हा तिचा अगदी शेवटचा भाग. आधी टेहळणी करून शत्रूची बाजू कुठे उघडी आहे ते शोधायचे. घोड्यांच्या तोफा पुढे आणायच्या. आणि तचान्का, म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली हलकी चारचाकी घोडागाडी, जिच्यावर मागे तोंड करून मॅक्झिम मशीनगन बांधलेली असे. गाडीला तीन किंवा चार घोडे. स्वार चढाई करून मुद्दाम माघार घेत, पाठलागावर आलेला शत्रू तचान्कांच्या टप्प्यात आला की स्वार दोन्ही बाजूंना फाकत आणि मशीनगन सुरू होत. पळून दाखवून दाबात घ्यायचे, हे आपल्याकडच्या वाचकाला नवे सांगायला नको. रुळांच्या बाजूने चिलखती आगगाड्या मदतीला असत. गरज पडली तर स्वार पायउतार होऊन पायदळासारखे लढत आणि तेव्हा दर चार-पाच घोड्यांमागे एक माणूस लगाम धरून मागे थांबे. म्हणजे बंदुका तेवढ्या कमी.

१९२० च्या जानेवारीत रोस्तोव पडले आणि फौज डॉन नदीपाशी येऊन अडकली. पलीकडे बाताइस्क आणि दोहोंमध्ये दलदल. थंडीत मध्येच बर्फ वितळे आणि घोडे पोटापर्यंत रुतत. आघाडीचा प्रमुख शोरिन म्हणाला, बुद्योन्नीची माणसे रोस्तोवच्या दारूत बुडाली म्हणून पुढे सरकत नाहीत. बुद्योन्नी म्हणाला, चिखलात घोडदळ पाठवणे हा मूर्खपणा आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते असे मला वाटते. रोस्तोवमध्ये लूट आणि दारू झाली, हे खरेच. पण रुतणाऱ्या घोड्याचे स्नायू आणि सांधे कसे जातात हे मी पाहिले आहे आणि त्या दलदलीतून समोर तोफा असताना हल्ला करायला कोणीही घोडदळ पाठवू नये. शोरिनच्या जागी तुखाचेव्स्की हा तरुण सेनानी आला, फौज मानिच नदीकडे वळवली गेली आणि तिथे फेब्रुवारीत जे घडले ते घोडदळाच्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवे.

पांढऱ्यांचा जनरल पाव्हलोव्ह दहा हजारांच्या वर कोसॅक स्वार घेऊन बुद्योन्नीच्या मागावर निघाला. त्याने वाट धरली मानिचच्या डाव्या तीराची, ओसाड स्टेपीची. तिथे गावे नाहीत, झाडे नाहीत, गवताच्या गंजी नाहीत. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांची थंडी आणि बोचरा वारा. बुद्योन्नीचे लोक गावागावांतून, घरांच्या आडोशाने चालले होते. रात्री घोड्यांना गोठे आणि वैरण मिळत होती.

लोकांना वाटते थंडी घोड्याला मारते. कोरड्या थंडीत पोट भरलेला घोडा अगदी उघड्यावरही तग धरतो. घोड्याच्या मोठ्या आतड्यात वाळलेले गवत आंबत असते आणि त्यातून सतत ऊब तयार होते. वैरण हीच त्याची शेगडी. पण घोडा चालून घामेजला, वाऱ्यात थांबला आणि पुढे रात्रभर पोटात काही पडले नाही, तर अंगावरचा घाम गोठतो, थरथर सुटते, स्नायूंतली साखर संपते आणि पहाटे तो खाली बसतो. बसलेला घोडा त्या थंडीत पुन्हा उठत नाही. पाव्हलोव्हचे स्वार तोर्गोवायापाशी पोचले तोवर जवळपास निम्मे बळ गेले होते. माणसे खोगिरावरच गोठली होती, घोडे रांगेत पडले होते. उरलेल्यांनी रात्री हल्ला केला. ऊब घेऊन ताज्यातवान्या असलेल्या लाल स्वारांनी तो परतवला. त्यानंतर आठवड्याभरात येगोर्लिक्स्कायाच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे मिळून वीस-पंचवीस हजार स्वार भिडले. यादवीतली ही सर्वांत मोठी घोडदळाची लढाई. बुद्योन्नी जिंकला आणि पुस्तकांत हा विजय त्याच्या नावावर आहे. त्यातला अर्धा वाटा मी त्या गावांतल्या वैरणीच्या गंजींना देईन.

मार्चच्या अखेरीस देनिकिनची फौज काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोस्सिस्क बंदरात कोंडली गेली. जहाजे थोडी, माणसे अफाट. घोड्यांना जागा नव्हती. कोसॅकांनी धक्क्यावर आपले घोडे सोडले, काहींनी कपाळाला पिस्तूल लावून मारले. काही घोडे सुटणाऱ्या जहाजामागे पाण्यात उतरून पोहत गेले. याच्या हकिकती अनेकांनी लिहून ठेवल्या आहेत. बाप आणि आजा ज्याच्या जिवावर जगले, तो घोडा स्वतःच्या हाताने मारायचा. त्या माणसांचे राजकारण मला मान्य नाही, त्यांनी केलेल्या कत्तली मी विसरत नाही, तरी त्या धक्क्यावरच्या हकिकती मला एका बैठकीत वाचवत नाहीत.

आणि लगेच एप्रिलमध्ये ती हजार किलोमीटरची चाल.

बोल्शेविकांचे तोवर पोलंडशीही युद्ध पेटले होते. पोलंडचा नेता पिल्सुद्स्की याने ७ मे रोजी कीव्ह घेतले होते. बुद्योन्नीची फौज आता चार डिव्हिजनची झाली होती. पहिले काही दिवस तिने पोलिश ठाण्यांवर थेट हल्ले करून मार खाल्ला. खंदकातल्या मशीनगनसमोर घोडा काय करणार? मग ५ जूनला सामगोरोदोकजवळ दोन ठाण्यांमधली फट सापडली आणि अख्खी फौज तिच्यातून आत घुसली. ७ जूनला झितोमिर आणि बेर्दिचेव पडले, दारूगोळ्याचे साठे उडाले, कैदी सुटले. पोलिश सैन्याने कीव्ह सोडले. पिल्सुद्स्कीने पुढे आपल्या पुस्तकात मान्य केले, की या घोडदळाने प्रत्यक्ष जितकी माणसे मारली त्यापेक्षा त्याच्या नुसत्या बातमीने पिछाडीची गावे आणि कचेऱ्या अधिक ढासळल्या.

इथून पुढे रिवने, दुब्नो, ब्रोदी अशी शहरे येतात. काही दोन-दोन वेळा घेतली आणि गमावली. या गावांची यादी देण्याऐवजी मी एक हिशेब मांडतो.

लढाईतल्या घोड्याला दिवसाला चार किलो तरी चंदी हवी. तिकडे ती ओटची किंवा जवाची. सोळा हजार घोड्यांना चौसष्ट टन. उन्हाळ्यात एका घोड्याला तीस-चाळीस लिटर पाणी. खेड्यातली विहीर एका रेजिमेंटने तासाभरात तळाला नेली तर मागून येणाऱ्या रेजिमेंटला गाळ उरतो. रसद एप्रिलच्या चालीपासूनच मागे पडलेली होती. राहिला चारा. पण घोड्याची जठरपिशवी लहान. त्याची रचनाच अशी, की त्याने दिवसातले चौदा-पंधरा तास थोडे थोडे खात राहावे. पहाटे तीनला जीन कसून रात्री नऊला उतरवले तर समोर हिरवे रान असूनही तो उपाशी राहतो. आठवड्यात अंग उतरते. पाठीवरचे मांस गेले की तेच खोगीर, जे कालपर्यंत नीट बसत होते, मणक्यांच्या उंचवट्यावर टेकते. पाठ सोलवटते, मग जखम, मग पू. अशा घोड्याला तीन आठवडे जिनाशिवाय ठेवणे हा एकच उपाय आणि लढाई तीन आठवडे देत नाही. खुरांचेही तसेच. नालबंद मागच्या गाड्यांसोबत, नाल संपलेले, कठीण रस्त्यावर खूर झिजून घोडा लंगडतो.

बाबेल या काळात फौजेबरोबर होता. किरिल ल्युतोव्ह या नावाने तो फौजेच्या ‘क्रास्नी कावालेरिस्त’ या वृत्तपत्रासाठी लिहायचा आणि स्वतःसाठी रोजनिशी ठेवायचा. चष्मा लावणारा, ओदेसाचा यहुदी तरुण, कोसॅक स्वारांच्या घोळक्यात. त्याच्या रोजनिशीत दमलेल्या घोड्यांच्या, वैरण शोधण्याच्या, उपाशी गावांच्या नोंदी वारंवार येतात. त्याच्या कथासंग्रहात घोडेखरेदी पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर एक छोटी कथा आहे. स्वार आपले मोडलेले घोडे शेतकऱ्याच्या दारात सोडून त्याचे कामाचे घोडे घेऊन जातात आणि शेतकरी तक्रार घेऊन येतात, एवढाच तिचा विषय. माझ्या मते या फौजेवर लिहिलेले ते सर्वांत अचूक पान आहे. कारण फौज एवढे महिने चालली ती अशीच. प्रत्येक गावात ती आपली जखमी पाठ ठेवून जात होती आणि त्या गावचा नांगर घेऊन जात होती. ज्या भूमिहीन शेतकऱ्यांतून ही फौज उभी राहिली, त्यांच्याचसारख्या लोकांच्या दारातून ते घोडे सुटत होते. याबद्दल तिच्या सेनापतींना किती वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आता तो जुना वाद. ऑगस्टमध्ये तुखाचेव्स्कीच्या फौजा वॉर्साच्या दाराशी होत्या आणि त्यांची डावी बाजू उघडी पडली होती. बुद्योन्नी दक्षिणेला ल्वूवपाशी अडकला होता. त्याने उत्तरेला लुब्लिनकडे यावे असे हुकूम निघाले. पण स्टालिनने बदलीच्या हुकमावर सही नाकारली, संदेश अर्धवट पोचले, फौज ल्वूववर धडका देत राहिली. १७ ऑगस्टला झाद्वुझे स्टेशनवर पोलिश स्वयंसेवकांची एक छोटी तुकडी तिला अडवताना जवळपास पूर्ण कापली गेली, तीनशेहून अधिक तरुण. २० च्या सुमारास बुद्योन्नी मागे फिरला तेव्हा वॉर्साची लढाई हरलेली होती. स्टालिनच्या हटवादीपणामुळे युरोपातली क्रांती बुडाली, असे तेव्हापासून सांगितले जाते.

हटवादीपणा होताच. पण मी घोड्यापाशी जातो. ल्वूव ते लुब्लिन हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. शत्रूशी भिडलेली फौज सोडवून घ्यायला एक-दोन दिवस. चांगल्या स्थितीतले घोडदळ दिवसाला चाळीस किलोमीटर टिकवू शकते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला थांबावे लागते. हे घोडे एप्रिलपासून चालत आणि मे अखेरपासून लढत होते. पिल्सुद्स्कीचा प्रतिहल्ला १६ ऑगस्टला सुरू झाला. १३ तारखेचा हुकूम त्याच संध्याकाळी शिरोधार्य मानला असता, तरी लंगडणाऱ्या, पाठी फुटलेल्या घोड्यांवरची ही फौज वेळेत तिथे पोचून लढली असती, हे मला मान्य नाही. नकाशावर बाण काढणाऱ्याला तो बाण काय खातो हे विचारावे लागते.

ऑगस्टच्या अखेरीस तिला खरोखरच उत्तरेला, झामोश्चकडे ढकलले, तेही एकटीला. ३१ ऑगस्टला कोमारूवजवळ युल्युश रोम्मेलच्या पोलिश घोडदळाने, संख्येने बरेच कमी असूनही, तिला दिवसभराच्या लढाईत हरवले. पाऊस पडून गेला होता, जमीन ओली होती, दोन्हीकडे भाले आणि तलवारी. फौज वेढ्यातून निसटली, एवढेच तिचे यश.

मागे फिरलेल्या फौजेने काय केले ते लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सहाव्या डिव्हिजनच्या काही रेजिमेंट्सनी युक्रेनच्या गावांतल्या यहुदी वस्त्या लुटल्या, माणसे मारली, बायकांवर अत्याचार केले. डिव्हिजनचा कमिसार, म्हणजे राजकीय अधिकारी, शेपेलेव्ह पोलोन्नोये येथे त्यांना अडवू पाहत होता. त्याला त्याच्याच स्वारांनी गोळ्या घातल्या. ११ ऑक्टोबर १९२० रोजी ओल्शानित्सा येथे त्या रेजिमेंट्सना उभे करून निशाणे काढून घेतली, शस्त्रे ठेवायला लावली, रेजिमेंट्स मोडल्या. अनेकांना मृत्युदंड झाला. क्रांतीच्या नावाने लढणाऱ्या फौजेने ज्यांना मुक्ती द्यायला आलो म्हणून सांगितले त्यांनाच मारले, याला भुकेचे किंवा थकव्याचे कारण पुरत नाही. थकलेल्या घोड्याबद्दल मी एवढे लिहिले, पण थकवा हा गुन्ह्याचा खुलासा होऊ शकत नाही.

त्यानंतरची मोहीम भराभर झाली. ऑक्टोबर अखेरीस काखोव्काहून फौज पांढऱ्यांच्या शेवटच्या सेनापतीवर, व्रांगेलवर, चालून गेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पायदळाने पेरेकोपची संयोगभूमी फोडल्यावर घोडदळ क्रिमियात उतरले. १५ नोव्हेंबरला सेवास्तोपोल लालांच्या हाती आले. व्रांगेल जवळजवळ दीड लाख लोकांना जहाजांवर घेऊन गेला. पुढच्या वर्षी फौज युक्रेनमधल्या माख्नोच्या शेतकरी बंडखोरांविरुद्ध वापरली गेली. हे तेच बंडखोर, जे क्रिमियाच्या लढाईत लालांचे सोबती होते.

दुमेन्को यातले काही बघायला नव्हता. एका कमिसाराच्या खुनाचा आळ घेऊन त्याला १९२० च्या मे महिन्यात रोस्तोवमध्ये गोळ्या घातल्या होत्या. १९६४ मध्ये तो निर्दोष ठरला. त्याचे नाव या फौजेच्या इतिहासातून चाळीस वर्षे पुसलेले राहिले आणि त्याने उभे केलेले सारे बुद्योन्नीच्या नावे जमा झाले. १९३७ मध्ये तुखाचेव्स्कीला मृत्युदंड देणाऱ्या न्यायासनावर बुद्योन्नी बसला होता. बाबेलच्या कथांवर तो १९२४ मध्येच तुटून पडला होता, कारण त्यात त्याला आपल्या फौजेची बदनामी दिसली. गॉर्कीने बाबेलची बाजू घेतली. गॉर्की गेला आणि १९३९ मध्ये बाबेलला पकडले. २७ जानेवारी १९४० रोजी त्याला ठार मारले. बुद्योन्नी मार्शल होऊन १९७३ मध्ये नव्वदीत वारला.

बुद्योन्नीचे एक काम मात्र मी मनापासून मानतो. यादवीने डॉनच्या घोड्यांची जात जवळपास संपवली होती. उत्तम घोड्या मारल्या गेल्या, नर फौजांत गेले, पागा उजाड झाल्या. १९२० च्या दशकात त्याने रोस्तोव भागात लष्करी अश्वपैदास केंद्रे उभारायला लावली. त्यातल्या एकाला पहिल्या घोडदळ सेनेचेच नाव दिले. उरलेल्या डॉन घोड्या निवडून त्यांना इंग्लिश थरोब्रेड नर दाखवले गेले. डॉनचा काटकपणा आणि थरोब्रेडचा वेग एकत्र यावा ही कल्पना. मादी शिंगरे कळपात, उघड्या कुरणावर वाढवली जात, जेणेकरून थंडी आणि कमी चारा सोसणारेच पुढे जातील. पिढ्या निवडत निवडत १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘बुद्योन्नी’ ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. तांबूस-सोनेरी झाक असलेला, मजबूत पाठीचा घोडा. तोवर रणगाडे आले होते आणि या घोड्यावर बसून कोणी हजार किलोमीटर लढायला जाणार नव्हते. आज तो शर्यतींत आणि अडथळ्यांच्या उड्यांत दिसतो. त्याची निवड करताना पैदासकारांनी पाठीच्या बांध्याकडे, खुरांच्या टणकपणाकडे आणि थोड्या चाऱ्यात तगण्याकडे इतके लक्ष का दिले, हे १९२० चा उन्हाळा वाचलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.